पानं गाळणारी ऑर्किड: झोपवायची कशी, उठवायची कधी

थंडी सुरू झाली, पानं पिवळी पडायला लागली, म्हणून पाणी वाढवलं आणि महिन्याभरात कंद कुजला. ऑर्किड वाढवणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते की ती आता नवी वाटत नाही. दुसरी तक्रार तिच्या उलट टोकाची असते: हिवाळाभर झाड नीट कोरडं ठेवलं, वसंतात हिरवा कोंब दिसला, आनंदाने झारीभर पाणी घातलं आणि आठवड्याभरात कोंब काळा पडला.

ऋतूप्रमाणे झोपणारी ऑर्किड झोपेत सहसा मरत नाहीत. ती मरतात झोपायला जाताना किंवा उठताना, कारण आपण झाडाकडे न बघता तारखेकडे बघून पाणी देतो. या लेखात महिन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. झाडाच्या खुणा दिल्या आहेत, आणि प्रत्येक टप्पा त्या खुणा पाहूनच सुरू करायचा आहे. टप्प्यांचा क्रमही बदलू नका.

लेखात 'कंद' हा शब्द येईल तो स्यूडोबल्बसाठी, म्हणजे खोडाच्या फुगीर, पाणी आणि अन्न साठवणाऱ्या भागासाठी. डेंड्रोबियममध्ये हाच भाग उसासारखा लांब असतो. त्याला सगळे केन म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे.

## सुरुवातीआधी: तुमचं झाड खरंच झोपतं का?

सगळी ऑर्किड झोपत नाहीत. फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि पॅफिओपेडिलम यांच्याकडे पाणी साठवायला कंदच नसतो. त्यांना 'हिवाळ्याची विश्रांती' म्हणून महिनाभर कोरडं ठेवलंत तर ती वाळतील, झोपणार नाहीत. म्हणून आधी नाव शोधा. नाव मिळत नसेल तर पान आणि जुने कंद बघा. पान पातळ, कागदासारखं आणि लांबीच्या दिशेने चुण्या असलेलं असेल, मागचे कंद जाड, टणक आणि साफ बोडके असतील, तर झाड पानं गाळणारं आहे. पान जाड, चामड्यासारखं आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या कंदांवरही टिकून असेल, तर झाड फार तर आराम करतं, पूर्ण झोपत नाही.

कामापुरते तीन गट करा.

पहिला गट, पूर्ण कोरडी झोप: कॅटासेटम, सिक्नोचेस, मॉर्मोडीस, क्लोवेसिया आणि त्यांचे संकर. व्हेस्टिटा जातीची कॅलँथे आणि थुनियाही इथेच. हॅबेनेरिया पानांसकट सगळी वरची वाढ टाकून देते आणि मातीखालच्या गाठीत जगते.

दुसरा गट, केनवरची पानं गाळणारी डेंड्रोबियम: नोबिल, अनॉस्मम, पॅरिशी, अफायलम. यांना कोरडेपणा हवा, पण केन पार सुकून काडी होईपर्यंत नको. नोबिलची सगळी पानं गळतीलच असंही नाही. काही संकर थोडी पानं राखून ठेवतात.

तिसरा गट, पानं ठेवून आराम करणारी: डेंड्रोबियम डेन्सिफ्लोरम, फार्मेरी, थिर्सिफ्लोरम, लिंडलेयी, तसंच सिलोजिन क्रिस्टाटा. यांचं पाणी कमी करायचं असतं, बंद करायचं नसतं.

सावधान: 'डेंड्रोबियम' एवढीच चिठ्ठी लावून विकली जाणारी बरीच झाडं फॅलेनॉप्सिससारख्या फुलांची, बिगिबम जातीपासून तयार झालेली असतात. ती उष्णतेतली आहेत. त्यांना नोबिलसारखं थंड आणि कोरडं ठेवलं की ती निरोगी पानंही टाकतात आणि पुढच्या हंगामात खुंटतात. त्यांचं पाणी फक्त थोडं कमी करा आणि जागा उबदार ठेवा.

## तयारी: झोपेची पुंजी उन्हाळ्या-पावसाळ्यातच जमते

झोपेच्या काळात झाड जगतं ते वाढीच्या काळात भरलेल्या कंदावर. कंद किरकोळ राहिला असेल तर पुढची सगळी काळजी वाया जाते. म्हणून झोपेची तयारी कोंब फुटल्यापासूनच सुरू होते. मुळं धरल्यानंतर भरपूर पाणी द्या आणि विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव ते निम्म्या प्रमाणात दर आठवड्याला द्या. कॅटासेटमसारखी झाडं या काळात अक्षरशः अधाशी असतात, त्यांच्या बाबतीत हात आखडू नका.

पुढच्या टप्प्यांसाठी या गोष्टी हाताशी ठेवा:

- प्रत्येक कुंडीत पेन्सिलने लिहिलेली पट्टी: झाडाचं नाव, कोंब दिसल्याची तारीख, मागच्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या कंदाची उंची. शाई उडते, पेन्सिल टिकते.
- एक लाकडी काडी. ती माध्यमात, म्हणजे कुंडीत भरलेल्या साल-मॉसच्या मिश्रणात, खोल खुपसून दहा मिनिटांनी काढली की तळाचा ओलावा कळतो.
- धारदार सिकेटर आणि ते ज्योतीवर तापवून किंवा स्पिरिटने पुसून निर्जंतुक करायची सोय.
- कापूस आणि रबिंग अल्कोहोल.
- पहिल्या गटासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी. हिचा आग्रह मी जरा जास्तच धरतो, कारण उठवण्याच्या टप्प्यावर सगळा निर्णय मुळांची लांबी बघून घ्यायचा असतो आणि मातीच्या कुंडीत ती दिसत नाही.

कुंडी ओली असताना आणि पूर्ण कोरडी असताना एकदा हातात उचलून वजनाचा अंदाज घेऊन ठेवा. पुढे काडीपेक्षाही हा अंदाज जास्त उपयोगी पडतो.

## टप्पा १: झोपेची चाहूल ओळखा

चाहूल नेहमी एकापेक्षा जास्त खुणांनी लागते. एकट्या पिवळ्या पानावर विसंबू नका. खालच्या तीनही खुणा दिसल्या तरच पुढे जा.

पहिली खूण कंदात. नवा कंद पूर्ण भरलेला, टणक असतो आणि टोकाला नवं पान येणं थांबलेलं असतं. नोबिलमध्ये केनच्या टोकाला शेवटचं एकच पान येतं आणि वाढ तिथेच संपते.

दुसरी खूण पानात. सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं पान आधी पिवळं होतं. पिवळेपणा संपूर्ण पानावर सारखा पसरतो, आणि मग पान कंदाजवळच्या सांध्यातून अलगद सुटतं. सांध्याच्या जागी कोरडा, स्वच्छ वण राहतो.

तिसरी खूण मुळात आहे आणि सगळ्यात भरवशाची तीच. वाढणाऱ्या मुळाचं टोक हिरवं किंवा तांबूस, चकचकीत आणि ओलसर दिसतं. झाड झोपायला निघालं की हे टोक हळूहळू पांढऱ्या आवरणाने झाकलं जातं आणि मूळ शेवटपर्यंत एकसारखं पांढरट दिसायला लागतं. असं मूळ वाढायचं थांबलेलं असतं.

तपासा, हा आजार तर नाही ना? सगळ्यात वरचं, कोवळं पान आधी पिवळं पडलं, पानावर पाणचट काळे डाग आले, कंदाचा बुंधा दाबल्यावर मऊ लागला किंवा वास आला, तर ही झोप नाही, सड आहे. पान उलटं करून बघा. खालची बाजू चंदेरी, बारीक टिपक्यांनी भरलेली असेल तर लाल कोळी लागला आहे. कॅटासेटमच्या पातळ पानांवर हंगामाच्या शेवटी तो हमखास येतो आणि लोक त्या पिवळेपणाला झोप समजतात. कोळ्याने पानं वेळेआधी गेली की कंद अर्धवट भरलेला राहतो. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, उपद्रव जास्त असेल तर कोळीनाशक वापरा, आणि पाणी-खत चालू ठेवा.

## टप्पा २: पाणी पायरीपायरीने उतरवा

पहिल्यांदा खत बंद करायचं, पाणी नंतर. या क्रमाला कारण आहे. उशिरापर्यंत नत्र मिळत राहिलं की झाड वाढीतच राहतं. नोबिलच्या केनवर तर फुलांच्या जागी कीकी, म्हणजे पिल्लं, फुटतात. नोबिलचं शेवटचं पान दिसलं की नत्रयुक्त खत थांबवा. पहिल्या गटात कंद भरला आणि नवी पानं थांबली की थांबवा. त्यानंतर एकदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून कुंडीतले साचलेले क्षार धुऊन काढा.

मग पाण्याची पाळी तीन-चार आठवड्यांत अशी उतरवा:

१. पहिलं पान पिवळं पडलं की दोन पाण्यांतलं अंतर दुप्पट करा.
२. निम्मी पानं पिवळी झाली की कुंडी पूर्ण कोरडी होऊ द्या आणि त्यानंतरच पाणी द्या, तेही नेहमीच्या निम्मं.
३. बहुतेक पानं पिवळी झाली किंवा गळाली की पहिल्या गटाचं पाणी बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं प्रमाण टप्पा ५ मध्ये दिलं आहे.

एका दिवसात पाणी तोडू नका. हिरव्या पानांत जी द्रव्यं असतात ती झाड पिवळं होता होता कंदात ओढून घेतं. पाणी अचानक तुटलं तर पानं हिरवीच करपतात आणि ती पुंजी वाया जाते. याच कारणासाठी पिवळं पान ओढून तोडायचं नाही. हात लावल्यावर सुटलं तर सुटलं.

कधी कधी कॅटासेटम उबदार घरात पानं टाकायलाच तयार होत नाही. वर्षातला सगळ्यात लहान दिवस उलटून आठवडा-दीड आठवडा झाला आणि पानं अजून हिरवीच आहेत, तर वाट न बघता पाणी थांबवा. मग ती आपोआप पिवळी होतात. लेखात तारखेच्या जवळ जाणारी सूचना ही एवढीच.

फुलांचा दांडा आला असेल तर काय करायचं? पानं अजून असतील तर फुलं संपेपर्यंत थोडं पाणी चालू ठेवा. कॅटासेटम गटातले काही संकर बोडक्या कंदावरच फुलतात. तिथे कंद स्वतःच्या साठ्यावर फुलं पोसतो, त्याला पाणी देऊ नका. व्हेस्टिटा कॅलँथे पानं गळाल्यावर दांडा काढते. तिचं माध्यम फुलं उतरेपर्यंत जेमतेम ओलसर ठेवा आणि नंतर पूर्ण कोरडं करा.

## टप्पा ३: झोपण्याआधीची साफसफाई

पानं गळाली की कंदाभोवती कागदासारखी वाळकी आवरणं उरतात. यांच्या आत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड सुखाने हिवाळा काढतात आणि पहिला कोवळा कोंब फुटला की त्यावर तुटून पडतात. आवरण वरून खाली चिरून दोन बाजूंनी हलकेच सोलून काढा. कंदाच्या तळाशी चपटे, टोकदार डोळे असतात, तिथे जपून. पुढच्या वर्षीचं झाड त्याच डोळ्यांतून येतं. आवरण सहज निघत नसेल तर तिथेच सोडा. पांढरा कापसासारखा पुंजका किंवा तपकिरी खवला दिसला तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि दहा दिवसांनी पुन्हा बघा.

लायकास्ट या आणखी एका पानं गाळणाऱ्या ऑर्किडची पानं गळाल्यावर कंदाच्या डोक्यावर सुईसारखे काटे राहतात. हातमोजे घाला.

सावधान: बोडकी केन 'मेलेली' समजून कापू नका. नोबिल आणि अनॉस्मम याच बोडक्या केनवर फुलतात. फुलून गेलेली केनही नव्या कोंबाला एखाद-दोन वर्षं अन्न पुरवते. पूर्ण पिवळी-तपकिरी, पोकळ आणि कुरकुरीत झालेली केन तेवढी काढायची.

कुंडी बदलायचं कामही आता नाही. झोपलेलं झाड नवी मुळं काढत नाही, त्यामुळे आता दुखावलेलं मूळ महिनोन् महिने तसंच राहतं.

## टप्पा ४: जागा

भरपूर उजेड, खेळती हवा आणि पावसापासून पूर्ण आडोसा. एक चुकार सर संपूर्ण झोप बिघडवू शकते, म्हणून उघड्या गच्चीवरची किंवा झाडाला टांगलेली कुंडी छताखाली आणाच. बोडक्या झाडाला उजेड कमी पडला तरी चालतो असं बरेच जण मानतात. डेंड्रोबियमच्या बाबतीत ते चूक आहे. चांगल्या उजेडात ठेवलेल्या केनवर कळ्या जास्त धरतात. मात्र काचेमागच्या दुपारच्या उन्हात कंद तापतो, ते टाळा.

तापमानाचं गणित गटागणिक वेगळं:

- कॅटासेटम आणि त्याचे भाऊबंद: १५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक. १२ च्या खाली जाऊ देऊ नका.
- नोबिल: कळ्या धरण्यासाठी काही आठवडे रात्री १० ते १५ अंश हव्यात. जिथे रात्रीही उकाडा असतो तिथे नोबिल फुलांपेक्षा कीकीच जास्त देतं. अशा ठिकाणी अनॉस्मम निवडणं शहाणपणाचं, ते मुळात उष्ण सखल भागातलं आहे.
- प्लिओने: पानं गाळणारीच, पण ही डोंगरातली. तिला ० ते ५ अंशांची खरी थंडी लागते, पण कंद गोठता कामा नये.

## टप्पा ५: झोपेच्या काळातली देखरेख

या टप्प्यात करायचं काम थोडं आणि न करायचं जास्त. दर आठवड्याला कंद बघायचा आणि बोटाने दाबायचा, इतकंच. बघायचं काय, हे मात्र नीट समजून घ्या, कारण सुरकुती दिसली की पाणी घालण्याचा मोह इथेच होतो.

कंदावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा पडणं स्वाभाविक आहे. मागचे जुने कंद खोल सुरकुततात, तेही चालतं, कारण झाड आधी जुना साठा वापरतं. काळजी करायची ती सगळ्यात नव्या, पुढच्या कंदाची. तो बोटाखाली टणक आहे तोपर्यंत पाणी नाही. तो खोलवर चुरमडला आणि दाबल्यावर आत जायला लागला तरच एकदा पाणी द्यायचं: सकाळी, कुंडीच्या कडेकडेने, पाव कप. संध्याकाळपर्यंत वरचा थर कोरडा व्हायला हवा. त्यानंतर पुन्हा निदान दोन आठवडे काही नाही.

मऊ कंद दोन प्रकारचा असतो. पाण्याअभावी मऊ झालेला कंद सुरकुतलेला, हलका आणि रंगाने हिरवट किंवा पिवळट असतो. सडलेला कंद फुगीर किंवा पाणचट, तपकिरी-काळा असतो, दाबला की द्रव येतो आणि वास मारतो. सडलेल्याला पाणी दिलंत तर शेजारचे कंदही जातील. तो भाग निरोगी, पांढऱ्या गरापर्यंत कापून टाका, कापावर दालचिनीची पूड लावा आणि चार-पाच दिवस झाड माध्यमाबाहेर हवेत राहू द्या. पूड मुळांना लागू देऊ नका, ती मुळं सुकवते.

गटागणिक पाणी असं:

- पहिला गट: काही नाही. हॅबेनेरियाच्या गाठी तेवढ्या अपवाद. त्या लहान असतात आणि पूर्ण कोरड्या माध्यमात वाळून जातात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी माध्यमावर हलका फवारा द्या.
- दुसरा गट: दोन आठवड्यांतून एकदा सकाळी मुळांवर आणि केनवर फवारा. फवाऱ्यानंतर हवा खेळती हवी.
- तिसरा गट: दहा ते पंधरा दिवसांनी एकदा थोडं पाणी. यांची पानं पिवळी पडायला लागली तर तुम्ही जास्त कोरडं ठेवताय.

हवा फार कोरडी असेल, तापवणाऱ्या किंवा थंड करणाऱ्या यंत्राचा झोत अंगावर येत असेल, तर कंद झपाट्याने सुकतात. अशा वेळी कुंडीची जागा बदला, पाणी वाढवू नका.

## टप्पा ६: उठण्याची वेळ, सगळ्यात जास्त झाडं इथे जातात

कंदाच्या बुंध्याशी हिरवं टोक दिसतं आणि वाटतं, चला, झाड उठलं, पाणी द्यावं. थांबा. त्या कोंबाला अजून एकही मूळ नाही. जुन्या मुळांतली बहुतेक या काळात निकामी झालेली असतात. पाणी घातलं तर ते शोषायला कोणी नसतं. ते माध्यमात साचतं, कोवळ्या कोंबाचा बुंधा त्यात बुडून राहतो आणि कुजतो. कोंबाला लागणारं पाणी आणि अन्न या घडीला जुना कंद पुरवतो. त्याच्याकडे ते पुरेसं असतं, आणि तेवढ्यासाठीच तर आपण तो भरवला होता.

पहिल्या गटाचा क्रम:

१. कोंब २ ते ३ सेंटिमीटर. कुंडी बदलायची असेल तर आत्ता, मुळं बाहेर पडण्याच्या बेतात असताना. मेलेली मुळं कापा, पुढचे दोन-तीन कंद एकत्र ठेवून मागचे वेगळे करा. माध्यम नवं आणि कोरडं घ्या: स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) किंवा झाडाची बारीक साल. कंद इतकाच बसवा की कोंबाचा बुंधा माध्यमाच्या पृष्ठभागावर येईल, आत गाडला जाणार नाही. डुगडुगत असेल तर काडीला बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाशी तुटतात. पाणी नाही.

२. कोंब ५ सेंटिमीटरच्या आसपास. बुंध्यातून जाड, पांढरी मुळं निघताना दिसतील. ती काचेसारखी ठिसूळ असतात, कुंडी हलवायची नाही. पाणी अजूनही नाही. इथेच हात शिवशिवतो आणि फवारा मारला जातो. फवाऱ्याचं पाणी कोंबाच्या पेल्यात, म्हणजे कोवळ्या पानांमधल्या खोलगट जागेत, उतरतं आणि आतून सड लागते. तो मोह आवरा.

३. कोंब १० ते १२ सेंटिमीटर, पानं उलगडायला लागलेली, कुंडीच्या भिंतीतून दिसणारी मुळं ८ ते १० सेंटिमीटर. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. कोंब उंच आहे पण मुळं आखूड आहेत, तर मुळांचं ऐका. आता पहिलं पाणी: कडेने, थोडं. आठवड्याने दुसरं, जरा जास्त. त्यानंतर नेहमीचं भरपूर पाणी आणि खत.

कोंब दिसल्यापासून इथपर्यंत यायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात मागचा कंद चांगलाच सुरकुततो. घाबरू नका, त्याचा साठा कोंबात चाललाय.

दुसऱ्या गटाचा क्रम वेगळा, कारण इथे आधी फुलं आणि मग वाढ. केनच्या पेरांवर फुगवटे दिसू लागतात. हे फुगवटे कळ्यांचे की कीकीचे, हे ठरेपर्यंत पाणी वाढवायचं नाही. कळीचा फुगवटा गोलसर, भरीव असतो आणि पुढे त्याचे दोन-तीन वेगळे गोळे होतात. कीकीचा टोकदार, चपटा आणि गडद हिरवा असतो, आणि थोड्याच दिवसांत त्याची पानं दिसू लागतात. फुगवटे नुसते डोकावत असताना पाणी पडलं तर होऊ घातलेल्या कळ्यांच्या जागी कीकी येऊ शकते. कळ्या स्पष्ट सुट्या दिसल्या की हलकं पाणी सुरू करा. खत मात्र फुलं उतरल्यावर, बुंध्याच्या नव्या कोंबाला मुळं आल्यावरच. कुंडी बदलायची वेळही तीच.

तिसऱ्या गटात फुलांचे दांडे डोळ्यांदेखत लांबायला लागले की पाणी वाढवा.

व्हेस्टिटा कॅलँथेची कुंडी मात्र दर वर्षी बदलावी लागते. कोंब फुटताना कंद सुटे करा, जुनी मुळं २-३ सेंटिमीटर राखून कापा, म्हणजे तेवढ्या आधाराने कंद उभा राहतो, आणि सकस पण निचऱ्याच्या मिश्रणात बसवा. कोंब ८ ते १० सेंटिमीटर होईपर्यंत पाणी अगदी बेताने.

तपासा, पहिलं पाणी देण्याआधी: मुळांची टोकं हिरवी-चकचकीत आहेत का? कोंबाच्या पेल्यात पाणी उतरणार नाही अशी कुंडीची जागा आहे का? तळाची भोकं मोकळी आहेत का? तिन्हींना 'हो' म्हणता आलं तरच झारी उचला.

## टप्पा ७: हंगामाचा हिशोब

नवा कंद भरला की त्याची उंची पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा. मागच्यापेक्षा मोठा किंवा निदान तेवढाच असेल तर तुमची पद्धत बरोबर आहे, त्यात काही बदलू नका. लहान असेल तर कारणं साधारण तीन असतात: कुंडी उशिरा बदलली गेली आणि मुळं दुखावली, वाढीच्या दिवसांत पाणी-खत कमी पडलं, किंवा कोळ्याने पानं लवकर नेली. झोपेतल्या कोरडेपणाला दोष देऊन पुढच्या वर्षी हिवाळ्यात पाणी वाढवणं, हा या घटीवरचा सगळ्यात वाईट उपाय.

## अडलेल्या जागा

नवं आणलेलं झाड ऋतूला सोडून वागतंय. दुसऱ्या गोलार्धातून किंवा काचगृहातून आलेलं झाड ऐन वाढीच्या दिवसांत झोपलेलं असू शकतं, किंवा थंडीत कोंब घेऊन येऊ शकतं. त्याला जबरदस्तीने इतर झाडांच्या रांगेत बसवू नका. ते ज्या अवस्थेत आलंय तिथून वरचे टप्पे सुरू करा. एखाद-दोन हंगामांत ते दिवसाच्या लांबीप्रमाणे जुळवून घेतं.

पार्सलने आलेला बोडका, मुळं नसलेला कंद. पाण्यात भिजत घालू नका. कोरड्या मॉसवर उभा ठेवा, कोंबाची वाट बघा आणि थेट टप्पा ६ धरा.

कीकी आली. तिची मुळं ५ सेंटिमीटरच्या वर गेली की मूळच्या केनचा छोटा तुकडा राखून कापून लावा. त्याआधी कापली तर बहुतेक वेळा सुकते.

कंद उठतच नाही. टणक आहे ना? मग तो जिवंत आहे. काही कंद इतरांपेक्षा महिना-दोन महिने मागे राहतात. ऋतू चांगला तापला तरी हालचाल नसेल तर कॅटासेटमचा कंद जेमतेम दमट मॉसवर, उबदार आणि सावलीच्या जागी आडवा ठेवा. वेगळे केलेले मागचे कंदही असेच ठेवतात. डोळा बुंध्याशी फुटतो, क्वचित वरच्या पेरावरही, आणि कोंब ५ सेंटिमीटरचा झाला की तो कंद कोरड्या माध्यमाच्या छोट्या कुंडीत बसवून मुळांची वाट बघायची.